कोनाले काही मांगाचं नाही

माझ्या मावसाजींइतकी जय्यत तयारी करून घरीच राहिलेला माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कुणाच्या दारात पाऊल न टाकता, कुणाचा उपकार न घेता पंधरा दिवस डोंगरात, वाळूत, चिखलात कुठंही राहता येईल अशी जीप त्यांनी नऊ वर्षं खपून सिद्ध केली, आणि त्या नऊ वर्षांत ती जीप जिल्ह्याच्या बाहेर एकदाही गेली नाही. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. पुण्याकडचे लोक मावशीच्या नवऱ्याला काका म्हणून मोकळे होतात; आमच्या वऱ्हाडात त्याला स्वतःचं नाव आहे आणि त्या नावाला स्वतःचा मान आहे. अमडापूरला त्यांचं मंडप आणि बिछायतीचं दुकान होतं. चाळीस वर्षांत चिखली आणि मेहकर तालुक्यांतल्या अर्ध्याअधिक लग्नांना त्यांनी सावली पुरवली. बांबू, कनाती, चटया, पातेली, पराती, नवरा-नवरीच्या त्या सिंहासनासारख्या लाल खुर्च्या, सगळं त्यांच्या गोदामात असं रचलेलं असे की डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागावी.

मांडववाल्याला लग्नात कुणी नावानं ओळखत नाही. ज्याला जे हवं ते तो त्याच्याकडे मागतो. दोरी द्या, बादली द्या, चटई द्या, अक्षतांना ताट द्या. मावसाजींनी चाळीस वर्षांत कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी असे, तिच्यात सेफ्टी पिनांपासून सुपारीपर्यंत सगळं निघे. डोणगावच्या एका लग्नात ऐन मुहूर्तावर नवरदेवाच्या आजोबांचा चष्मा हरवला आणि आजोबांनी नवरीचं तोंड पाहिल्याशिवाय मंगलाष्टक सुरू करू देणार नाही असा हट्ट धरला. मावसाजींनी पेटीतून तीन चष्मे काढून पुढं केले. त्यातल्या दुसऱ्यातून आजोबांना नवरी चांगली दिसली आणि लग्न लागलं. पण हेच मावसाजी स्वतः कुणाकडे काही मागायचे नाहीत. पोस्टात जाताना स्वतःचं पेन, एसटीत चढताना नेमके सुट्टे, आमच्याकडे मुक्कामाला आले तर स्वतःचा टॉवेल, साबण आणि दाढीचं पाणी तापवायला स्वतःचं पितळी भगुणं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते बसत नसत. मांडवाच्या मागं बांबूच्या ढिगावर बसून घरची भाकरी खात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या मांडवात जेवलो त माही नजर ताटावर राहीन, मांडवावर नाही राह्यनार."

अशा माणसाला प्रवासाचं वेड लागलं ते एका कॅलेंडरमुळे. कुठल्याशा खताच्या दुकानाचं ते कॅलेंडर होतं आणि जानेवारीच्या पानावर कच्छच्या रणाचं चित्र होतं. खाली पांढरी सपाट जमीन, वर निळं आभाळ, बाकी काही नाही. जानेवारी संपला, पण मावसाजींनी पान उलटलं नाही. त्या वर्षी मावशीनं सगळे सण शेजारणीला विचारून केले. तिनं कंटाळून एकदा विचारलं, की यात पाहण्यासारखं आहे तरी काय. मावसाजी म्हणाले, "कोनी नाही, हेच पाहाचं हाये. येवढी मोठी जागा, आन् एक मानूस म्हनत नाही का भाऊ, चटई द्या." त्यांना तिथं जाऊन एक दिवस, निदान एक दिवस, बसायचं होतं. स्वतःच्या गाडीनं जायचं होतं, स्वतःचं खायचं होतं, स्वतःच्या सावलीत झोपायचं होतं. वाटेत कोनाले काही मांगाचं नाही, हा त्या प्रवासाचा पहिला आणि शेवटचा नियम.

चिखलीच्या एका कालव्याच्या ठेकेदाराकडून त्यांनी जुनी जीप घेतली. चारही चाकांना ओढ असलेली, रंग कुठं हिरवा, कुठं गंजाचा. तिचं इंजिन उघडून बसवण्याचं काम त्यांनी चिखलीच्याच एका मिस्त्रीला दिलं, पण बाकीची जीप मांडवाच्या शास्त्रानं उभी राहिली. मावसाजींचा नटबोल्टांवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास गाठीवर होता. टपावरचा सामानाचा सांगाडा त्यांनी मांडवाच्या पायपांचा केला आणि तो जीपला काथ्यानं बांधला. मिस्त्री हात जोडून म्हणाला, की काका, मी फुकट वेल्डिंग करून देतो, पण रस्त्यावर हे सुटलं तर लोक मला धरतील. मावसाजींनी त्याला सांगितलं, की नट ढिला झाला तर कळत नाही, गाठ ढिली होण्याआधी कुरकुरते. मग त्यांनी ती जीप खामगावच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं तीनदा नेऊन आणली. मिस्त्रीनं इंजिनापाशी केलेल्या वेल्डिंगपैकी दोन जागा उकलल्या. गाठी होत्या तशा होत्या. त्या दिवसापासून मिस्त्रीनं वाद घालणं सोडलं आणि स्वतःच्या मोटरसायकलचा आरसा त्यांच्याकडून बांधून घेतला.

पुण्याला दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी त्यांना मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाठवी. त्यांत वाळवंटातून जाणाऱ्या मोठमोठ्या गाड्या असत, त्यांत फ्रीज असत, मागच्या बाजूला उघडणारी स्वयंपाकघरं असत. मावसाजी ते व्हिडिओ वहीत उतरवून घेत आणि प्रत्येक वस्तूपुढं आपल्या गोदामातलं उत्तर लिहीत. फ्रीजपुढं त्यांनी लिहिलं, माठ. आणि तो माठ त्यांनी दोऱ्यांच्या झोळीत असा टांगला की जीप कितीही उडाली तरी माठ आपला पाळण्यातल्या बाळासारखा झुलत राही. वाळूत रुतलेलं चाक काढायच्या पट्ट्यांपुढं लिहिलं, स्टेजच्या फळ्या. दिव्यांपुढं लिहिलं, माळा. त्यामुळे अंधार पडल्यावर जीपचं स्वयंपाकघर उघडलं की ते लाल, हिरवं, लाल, हिरवं असं लुकलुकत असे, आणि मावशीला हळद कुठली आणि तिखट कुठलं ते हिरवा दिवा येईपर्यंत कळत नसे.

सगळ्यात देखणी होती ती जीपच्या बाजूला उघडणारी सावली. व्हिडिओतली सावली करड्या ताडपत्रीची होती. मावसाजींनी ती गुलाबी आणि पिवळ्या कापडाची केली आणि कडेनं झालर लावली, कारण झालरीशिवाय कापड त्यांना उघडंवाघडं वाटे. तिची चाचणी घ्यायला आम्ही दोघं डोणगावच्या पुढं एका लिंबाखाली जाऊन थांबलो. दोन दिवस कुणाच्या मदतीशिवाय राहून दाखवायचं असं ठरलं होतं. मावसाजींनी चार बांबू रोवले, कापड ताणलं, खाली चटई टाकली. पाच मिनिटांत दोन म्हातारे आले आणि चटईवर टेकले. मग एसटीची वाट पाहणारी एक बाई लेकराला घेऊन सावलीत आली. मग कुणीतरी दुधाची कॅन आणून ठेवली. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला झालरीचा मांडव दिसला की तो सगळ्यांचा असतो, हे मी विसरलो होतो आणि मावसाजींच्या तर डोक्यातच आलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "पोराकडचे का पोरीकडचे?" तोवर मावसाजींनी दुसरी चटई आणून टाकली आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. संध्याकाळपर्यंत पन्नासेक माणसं जेवून गेली. जाताना एकजण नवरा-नवरी कुठं आहेत म्हणून चौकशी करून गेला. आमचा पंधरा दिवसांचा शिधा एका दुपारीच संपला आणि आम्ही त्याच दिवशी घरी परतलो. चाचणी फसली, हे मावसाजींनी मान्य केलं. झालर काढावी लागेल, असंही म्हणाले. ती त्यांनी काढली, आठ दिवस ते उघडं कापड पाहिलं आणि पुन्हा लावली.

त्यात स्वयंपाकाचा अंदाज हा एक वेगळाच घोळ होता. पाचशे पानांना तुरीची डाळ किती, मीठ किती, फोडणीला तेल किती, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगता येई. पण दोन माणसांचं वरण कसं करतात ते त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाचशेचा हिशेब अडीचशेनं भागला. डाळीचं जमलं, मिठाचं जमलं, पण हिंगाचं जे उत्तर आलं ते हातात धरता येईना. शेवटी वैतागून ते म्हणाले, की निदान पंधरा माणसं तरी पाहिजेत, त्याच्या आत वरणाला चव येतच नाही. मग त्या निर्जन रणात पंधरा माणसं कुठून आणणार, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पण मला दाखवलं नाही.

मात्र त्यांचं खरं तेज मी पाहिलं ते पैनगंगेच्या कोरड्या पात्रात. रुतलेली जीप एकट्यानं काढता येते की नाही हे पाहायला त्यांनी ती मुद्दाम वाळूत घातली. चारी चाकं अर्धी बुडेपर्यंत गाडी रेमटवली. काठावर बघ्यांची गर्दी झाली. वऱ्हाडी माणसाला रुतलेली गाडी दिसली आणि त्यानं धक्का दिला नाही, असं होत नाही. सोळा-सतरा गडी बाह्या सरसावून उतरले, एकानं तर ट्रॅक्टर आणला. मावसाजी त्यांच्यासमोर आडवे उभे राहिले. "हात लावाचा नाही. मी एकटाच काढून राह्यलो." माणसं बिचारी तळमळत काठावर बसली. फावडं, फळ्या, पुन्हा फावडं, असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. मधेच मावसाजी बाभळीमागं लघवीला गेले. तेवढ्यात त्या मंडळींना राहवेना. सगळ्यांनी मिळून एका दमात जीप बाहेर काढली आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत जाऊन बसले. मावसाजी आले. कोरड्या जागेवर उभ्या जीपकडे त्यांनी पाहिलं, काठावरच्या माणसांकडे पाहिलं. जीपमध्ये बसले, उलटी घेतली आणि पुन्हा त्याच खड्ड्यात नेऊन रुतवली. चार वाजता ती त्यांनी एकट्यानं बाहेर काढली तेव्हा काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यातला एकजण म्हणाला, की याच्यापेक्षा आमच्या घरी चहाला आले असते तर बरं झालं असतं.

इतकं सगळं असूनही ते निघत का नसत, असं तुम्ही विचाराल. रणात जायचं तर थंडीत, आणि थंडी म्हणजे लग्नसराई. धंदा त्यांनी एका जुन्या कारागिराच्या हवाली केला होता, पण सराई आली की कुणाचा तरी निरोप येई, की तुम्ही स्वतः उभे राहा. ते उभे राहत. एका वर्षी निघायचा दिवससुद्धा ठरला. टपावरची पाण्याची टाकी भरून ठेवली होती. गावात नळाला दहा दिवस पाणी आलं नव्हतं. शेजारीण कळशी घेऊन आली आणि म्हणाली, भाऊजी, तुमच्या गाडीत पाणी आहे म्हणतात. दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली आणि प्रवास पुढच्या वर्षावर गेला. मावशीला तर जीप म्हणजे घरातली एक जास्तीची खोली झाली होती. चांगली पातेली, चांगली चहापत्ती, जाड सतरंज्या, सगळं जीपमध्ये. पाहुणे आले की ती अंगणात जीपमध्येच चहा ठेवी आणि खिडकीतून कप बाहेर देई. मी गाडी शिकलो तीही त्याच जीपवर. कॉलेजातून सुट्टीत आलो की ते मला गावाबाहेर नेत, स्टिअरिंगशी बसवत आणि स्वतः उतरून कडेनं चालत. शेजारी बसले तर मला त्यांचा आधार वाटेल, म्हणून. गिअर अडला की मी केविलवाणा होऊन त्यांच्याकडे बघे, आणि ते मुद्दाम पिकाकडे बघत. आज मी बरी गाडी चालवतो, ती त्या न बघण्यामुळे. ते दिवस आठवले की मला अजून डिझेलचा आणि ओल्या काथ्याचा एकत्र वास येतो, आणि त्या वासासाठी मी कुठूनही अमडापूरला जाऊ शकेन असं वाटतं.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नव्हे, कडेकडेनं. डोळ्याच्या नसा सुकत चालल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गाडी बंद केली. मावसाजींनी तक्रार केली नाही. किल्ली त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला लावली आणि रोज सकाळी जीप पुसायचं मात्र चालू ठेवलं. गावात गाडी चालवणारी पाच-पन्नास पोरं होती. मावशी म्हणाली, कुणाला तरी सांगा, नेऊन आणेल. पण सांगायचं म्हणजे मागायचं. मला हे सगळं ठाऊक होतं. मी अकोल्याला बँकेत होतो, गाडी चालवत होतो, आणि आपणच म्हणावं, चला मावसाजी, असं माझ्या मनात दोन-चारदा आलंही. पण त्यांना ते दयेचं वाटेल, त्यांचा अपमान होईल, असं मी स्वतःला समजावलं. आता वाटतं, की त्या समजावण्यात त्यांच्या मानापेक्षा माझी सोय जास्त होती.

एका जानेवारीत ते डोळे दाखवायला अकोल्याला आले. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागायला वेळ होता. आधी त्यांनी विचारलं, की बँकेत सुट्ट्या कशा असतात. मग विचारलं, गुजरातचे रस्ते चांगले म्हणतात, खरं काय. मग थंडीचं बोलले, की या वर्षी थंडी अजून महिनाभर तरी राहील. हे सगळं ते माझ्याकडे न बघता समोरच्या फलाटाकडे बघत बोलत होते. मी मोबाइल बघत हो, हो म्हणत होतो. मग ते थांबले. मांडवाचा मुख्य खांब उभा करताना घेत असत तसा त्यांनी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "बाबू, तुले पंधरा दिवस भेटतीन काय? मी तुले मांगून राह्यलो."

मी म्हणालो, "मार्च होऊ द्या मावसाजी, मग पाहू."

"हाव, हाव. काही घाई नाही," ते लगेच म्हणाले, आणि बस लागल्यावर कुठल्या बाजूला ऊन येत नाही त्याबद्दल बोलू लागले. मी खोटं बोललो नव्हतो. बँकेत मार्चअखेर म्हणजे काय असतं ते बँकेतल्या माणसालाच ठाऊक. पण मार्च झाला आणि एप्रिलचं ऊन आलं. पावसाळ्यात त्या रणात पाणीच असतं, तेव्हा तोही प्रश्न नव्हता. थंडी आली तेव्हा माझी बदली झाली, नवं गाव, नवी शाखा. मधे तीन-चारदा फोनवर बोललो. मावसाजींनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ते काढत नाहीत म्हणजे विसरले असतील, असं मी धरून चाललो. माझ्याइतका सोयीनं चालणारा माणूस मी पाहिलेला नाही.

त्याच्या पुढच्या दिवाळीला मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि सरळ अमडापूर गाठलं. अंगणात जीप होती. टपावर टाकी नव्हती. फळ्या नव्हत्या, माठ नव्हता, माळा नव्हत्या, गुलाबी-पिवळं कापड नव्हतं. आत फक्त दोन बाकं आणि एक घडी केलेलं पोतं. मावशीनं सांगितलं, की त्यांची गाडी आता काही जात नाही हे गावाला कळलं, आणि लोक मागायला आले. शाळेला स्टेजसाठी फळ्या, कुणाला टाकी, कुणाला शेगडी. त्यांनी प्रत्येकाला दिलं, बांधायची गाठसुद्धा शिकवून दिली. मग पदरानं हात पुसत ती खालच्या आवाजात म्हणाली, "चाळीस वर्सात त्यायनं मले पान्याचा गिलास नाही मांगतला रे. सोता उठते आन् घेते. अकोल्याहून आले त मले सांगतलं, मी बाबूले मांगतलं म्हनून. लय हलके वाटत होते त्या दिवशी." ती मला बोल लावत नव्हती. म्हणून मला जास्त लागलं.

मावसाजी ओट्यावर बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, की रजा काढून आलोय, पूर्ण पंधरा दिवस, उद्या निघू, सामान वाटेत घेऊ. त्यांचा चेहरा खुलला. खरंच खुलला, ते मला दिसलं. मग त्यांनी माझा गुडघा थोपटला. "आता मले सारीकडेच पांढरं दिसते बाबू. थे पाहाले येवढ्या दूर कायले जा." आणि हसले. मला हसता आलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते म्हणाले, की आलाच आहेस तर जीप जरा फिरवून आण, बॅटरी बसली असेल, आणि मलाही घेऊन चल.

मी स्टिअरिंगशी बसलो. ते डावीकडे बसले. त्या बाजूला ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत असावेत, कारण हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले, पंगतीत वाढायची वाट बघणाऱ्या माणसासारखे. आम्ही खामगावच्या रस्त्याला लागलो. सोयाबीन निघून गेलं होतं, कपाशी फुटली होती. मला वाटलं होतं ते उदास होतील, पण ते रस्त्याचे खड्डे मोजत होते, कुठं कुणाचं लग्न लावलं ते सांगत होते, आणि बहुतेक ठिकाणं बरोबर येत होती. आठ-दहा किलोमीटरवर ते म्हणाले, थांब. उतरले. मी हात द्यायला गेलो तर नको म्हणाले. त्यांना तहान लागली होती, आणि गाडीत घोटभर पाणी नव्हतं. मी म्हणालो, पुढं हॉटेल असेल, पाच मिनिटांत आणतो. तोवर कानावर येणाऱ्या बांगड्यांच्या आवाजाच्या रोखानं ते धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पाय चाचपत वावरात उतरलेसुद्धा.

एक बाई एकटीच कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, ती गच्च भरलेली. मावसाजी तिच्या दिशेनं, पण तिच्यापासून जरा बाजूलाच बघत उभे राहिले. त्यांनी पुन्हा तसाच एक श्वास घेतला. मी मागं उभा होतो, आणि मी बोललो नाही. मग ते म्हणाले, "बाई, पानी भेटन काय?"

तिनं ओटी सोडली, कापूस तसाच खाली ठेवला आणि लिंबाखालच्या मडक्याकडे गेली. लोटा भरून आणला. ते कडेनं चाचपताहेत हे बघून तिनं तो त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवला. मग विचारलं, "जेवता काय बाबा? भाकर हाये, ठेचा हाये." मावसाजी लोटा परत देत म्हणाले, "हाव, दे." आम्ही तिघं लिंबाच्या सावलीत बसलो. त्यांनी अर्धी भाकर सावकाश खाल्ली, आणखी ठेचा मागितला, पुन्हा पाणी मागितलं. प्रत्येक वेळी ती उठली आणि दिलं. तिच्या अर्ध्या वावरातली वेचणी अजून बाकी होती. तरी एकदाही ती म्हणाली नाही, की वेचणी होऊ द्या, मग पाहू.